कडेचा प्रश्न : अंकीय छायाचित्र आणि त्याची सजवलेली किनार

मराठीत वस्तूच्या शेवटाला अनेक नावे आहेत. नदीला काठ असतो आणि लुगड्यालाही काठ असतो. ताटाला कड असते, शेल्याला किनार असते, लिहिलेल्या पानाला समास असतो. देवघरातल्या मूर्तीमागे प्रभावळ असते आणि नैवेद्याच्या ताटाभोवती रांगोळीची महिरप. हे सर्व शब्द वरवर पाहता एकाच अर्थक्षेत्रातले वाटले, तरी त्यांच्यात एक भेद दडलेला आहे. लुगड्याचा काठ अंगाबरोबरच मागावर विणला जातो. तो कापून वेगळा केला तर लुगडे उसवू लागते. प्रभावळ वेगळी घडवलेली असू शकते. ती मूर्तीमागे उभी करता येते आणि घासायला काढताना बाजूलाही ठेवता येते. महिरप तर पंगत उठली की पुसलीच जाते. म्हणजे काही शेवट वस्तूच्या घडणीतून येतात आणि काही शेवट बाहेरून आणून वस्तूला बहाल केले जातात. छायाचित्रांचे संपादन करणाऱ्या संगणकप्रणालींत छायाचित्राला फाटकी, जळकी, विरत जाणारी किंवा कुंचल्याने ओढल्यासारखी कड देण्याची जी सोय असते, तिचा विचार या भेदापासून सुरू करणे उचित ठरेल. कारण ही कड महिरपीसारखी लावली जाते आणि काठासारखी दिसते.

अंकीय छायाचित्राला स्वतःची अशी कड नसते, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. ते बिंदूंचे एक जाळे असते; प्रत्येक बिंदूच्या वाट्याला काही अंक आलेले असतात आणि रांगा मोजून संपल्या की चित्र संपते. हे विधान बरोबर असले तरी पुरेसे नाही. कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदकाच्या कडेला असलेल्या बिंदूंच्या काही रांगा मुद्दाम झाकून ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर प्रकाश पडत नाही. त्या क्षणी त्या संवेदकाच्या लेखी काळोख म्हणजे किती, हे त्यांच्यावरून मोजले जाते आणि त्या मापाने चित्रातला काळा रंग ठरतो. चित्र सिद्ध होताना या रांगा टाकून दिल्या जातात. काळोखाची साक्ष देणारी एक खरी कड अंकीय छायाचित्रालाही असते. ती पाहणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, इतकेच. पोहोचतो तो काटकोनात कापलेला, कोणत्याही स्पर्शाची खूण नसलेला आयत. या आयताच्या निर्विकारपणाने माणसाला काहीशी अस्वस्थता येते, आणि सजवलेल्या कडांचा सगळा व्यवहार या अस्वस्थतेवर उभा आहे.

व्यवहार तांत्रिकदृष्ट्या साधा आहे. ॲडोबी कंपनीची फोटोशॉप ही प्रणाली १९९० साली बाजारात आली आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत चित्राचे एकावर एक थर रचण्याची सोय तिच्यात झाली. या थरावर एक मास्क चढवता येतो. मास्क म्हणजे मुखवटा. पण येथे तो चेहरा झाकण्यापेक्षा चेहरा किती दिसावा हे ठरवतो. मास्क जेथे पांढरा तेथे चित्र दिसते, जेथे काळा तेथे लपते, आणि मधल्या करड्या छटांत ते त्या त्या प्रमाणात पारदर्शक होते. शून्यापासून २५५ पर्यंत अशा २५६ पायऱ्या असतात. छायाचित्राच्या मर्यादेच्या थोडे आत एक चौकट आखायची, तिच्या बाहेरचा भाग काळा करायचा, आणि मग शिंतोडे उडाल्याचा किंवा पाण्यावर तरंग उठल्याचा आभास करणारी एखादी प्रक्रिया केवळ त्या मास्कवर करायची. चित्राला हात लागत नाही. मास्कची सीमारेषा तेवढी विस्कटते. सीमारेषा हळूहळू विरत न्यायची असेल तर 'फेदर' नावाची सोय आहे. तालुक्याच्या गावातल्या फोटो-स्टुडिओतही आता हा शब्द मराठी क्रियापद होऊन गेला आहे. चित्र 'फेदर मारून' दिले जाते. ज्यांना एवढेही कष्ट नको असतील त्यांच्यासाठी तयार कडांचे संच विकले जात. 'फोटो/ग्राफिक एजेस' या नावाची एक जोडप्रणाली नव्वदच्या दशकात बरीच परिचित होती, आणि ती प्रामुख्याने कडाच विकत असे. चित्र ग्राहकाचे, शेवट दुकानातला.

या संचांकडे पाहताना लक्षात येते की, त्यांतील कडा कल्पनेने निर्माण केलेल्या नाहीत. त्यांतील जवळजवळ प्रत्येक कडेला पूर्वज आहे, आणि तो पूर्वज कोणत्या तरी कामाचा अवशेष आहे. ही वंशावळ थोडी तपशीलाने पाहिली पाहिजे, कारण सैद्धांतिक चर्चेत ती सहसा वगळली जाते.

१८३९ साली जाहीर झालेल्या दागेरोटाइपचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. त्या पृष्ठभागाला बोट लागले तरी चित्र पुसले जाई. म्हणून त्यावर काच ठेवावी लागे, आणि काच चित्राला टेकू नये म्हणून दोहोंच्या मध्ये पितळेची, बहुधा लंबवर्तुळाकार खिडकी असलेली पट्टी घालावी लागे. आज जी पट्टी शोभेची वाटते ती मुळात अंतर राखण्यासाठी होती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडिअनची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात काच एका कोपऱ्यात धरून तिच्यावर द्रव ओतायचा आणि काच चारी बाजूंना कलवत तो पसरवायचा. द्रव सर्वत्र सारखा पसरत नसे. कडेला ओघळ राहत आणि काच जेथे चिमटीत धरली तेथे डाग राही. एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार हा भाग कापून टाकीत किंवा पुठ्ठ्याखाली झाकीत. ती कारागिराची लाज होती. अमेरिकन छायाचित्रकार सॅली मान यांनी हीच पद्धत पुन्हा हाती घेतली, तेव्हा ओघळ, चरे आणि अंगठ्याची खूण ही चित्राची संपत्ती झाली. एकाच खुणेचे मूल्य दीडशे वर्षांत असे उलटले. संगणकावरील 'कलोडिअन कड' ही या उलट्या झालेल्या मूल्याची नक्कल आहे, मूळ ओघळाची नव्हे.

कागदाच्या छायाचित्रांभोवतीच्या पांढऱ्या पट्टीची कथाही अशीच आहे. अंधारखोलीत मोठे केलेले चित्र कागदावर पाडताना कागद सपाट राहावा म्हणून त्याच्या कडा पट्ट्यांखाली दाबाव्या लागत. तेवढ्या भागावर प्रकाश पडत नसे आणि तो पांढरा राही. त्याच भागाला चिमट्याने धरून कागद रसायनात बुडवता येई. पोलरॉइड कंपनीच्या १९७२ च्या एसएक्स-७० कॅमेऱ्यातून निघणाऱ्या चित्राची खालची पट्टी इतर तिन्हींपेक्षा रुंद असे, कारण रसायनाची चपटी पुडी तिच्यात ठेवलेली असे. कॅमेऱ्यातील रूळ ती फोडून रसायन चित्रावर पसरवीत. भ्रमणध्वनीवरच्या चित्राला आज जेव्हा ही रुंद पट्टी जोडली जाते, तेव्हा तिच्यात पुडी नसते. माणसे तिच्यात वाढदिवसाचा मजकूर लिहितात. आणि सुट्या फिल्मच्या एका कोपऱ्यात ज्या खाचा असत, त्या तर पाहण्यासाठी नव्हत्याच. पूर्ण काळोखात फिल्मचा प्रकार कोणता आणि तिची संवेदनशील बाजू कोणती, हे बोटांना कळावे म्हणून त्या कापलेल्या असत. बोटांसाठी असलेली ही लिपी काही तयार कडांत डोळ्यांसाठी जशीच्या तशी उतरवलेली आढळते.

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की, जुनी कड खरी आणि नवी कड खोटी, असा निवाडा करून विषय संपवता येईल. तो मोह टाळला पाहिजे. घराघरांतल्या जुन्या अल्बममध्ये, काळ्या पानांवर चिकटवलेल्या कोपऱ्यांत अडकवलेली जी छोटी छायाचित्रे असतात, त्यांतील कित्येकांच्या कडा दंतुर असतात. १९३० ते १९६० या काळात ही पद्धत विशेष लोकप्रिय होती. आज त्या कडा पाहिल्या की अस्सलपणाचा प्रत्यय येतो. पण त्या कडा एका विशिष्ट पात्याच्या कातरयंत्राने मुद्दाम कापलेल्या होत्या. त्यांचा आदर्श होता हातकागदाची खडबडीत कड. हाताने कागद करताना साच्यावर लाकडी चौकट बसवतात. लगदा तिच्या खालून किंचित झिरपतो आणि कागदाची कड विषम होते. यंत्राने कागद होऊ लागल्यावर हा दोष दुर्मिळ झाला आणि दुर्मिळ झाल्यामुळे प्रतिष्ठित झाला. मग पुस्तकांच्या पानांना आणि छायाचित्रांना तो कापून आणला गेला. म्हणजे आजच्या संगणकावरील दंतुर कड ही जुन्या छायाचित्राची नक्कल आहे, जुन्या छायाचित्राची कड ही हातकागदाची नक्कल होती, आणि हातकागदाची कड हा एक अपघात होता. मूळ शोधत मागे गेल्यावर हाती लागते ती चौकटीखालून झिरपलेल्या लगद्याची रेघ.

छायाचित्राच्या कडेचे तात्त्विक विवेचन करताना कांट आणि देरिदा यांची नावे येणे आता जवळजवळ विधीचा भाग झाले आहे. कांटने १७९० च्या ग्रंथात, चौदाव्या परिच्छेदात, कलाकृतीच्या आत न मोडणाऱ्या पण तिला पूरक ठरणाऱ्या गोष्टींना 'पारेर्गा' म्हटले आणि चित्राची चौकट, पुतळ्यावरील वस्त्र व प्रासादाभोवतीची स्तंभावली ही उदाहरणे दिली. कांटच्या सौंदर्यविचाराशी मराठी अभ्यासकांचा परिचय रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) सखोल झालेला आहे. तथापि हे उदाहरण आपल्याकडे फारसे चर्चिले गेले नाही. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या 'चित्रातील सत्य' या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात देरिदाने याच उदाहरणावर बोट ठेवले : जे बाहेरचे म्हणून बाजूला काढायचे, त्याची आतल्याला गरज का पडते? आत काही उणीव नसती तर बाहेरून पूरक आणावे लागले नसते. हा युक्तिवाद मार्मिक आहे. पण त्याचा उपयोग प्रत्येक चौकटीवर सरसकट होऊ लागला, तेव्हा चौकटी-चौकटींतला भेद नाहीसा झाला. कांटने स्वतः एक भेद केला होता, त्याची आठवण येथे उपयुक्त आहे. सोनेरी चौकट जर केवळ आपल्या झगमगाटाने चित्राची शिफारस करीत असेल, तर ती पूरक न राहता निव्वळ भूषण होते आणि खऱ्या सौंदर्याला बाधा आणते, असे त्याचे म्हणणे होते. प्रभावळ आणि महिरप यांच्या आधारे विचार करणाऱ्या वाचकाला हा भेद मान्य करणे जड जाईल. नैवेद्याभोवतीची महिरप अन्नाची चव वाढवत नाही; 'हे अन्न आता केवळ अन्न नाही' एवढेच ती सांगते. ती भूषण आहे आणि त्याच वेळी घोषणाही आहे. सजवलेली कडही अशीच एक घोषणा करते : 'हे आता केवळ दृश्य नाही, हे चित्र आहे.'

मात्र छायाचित्राच्या बाबतीत ही घोषणा निरुपद्रवी राहत नाही. आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने चित्रकलेची चौकट आणि चित्रपटाचा पडदा यांत केलेला भेद येथे लागू पडतो. चौकट नजरेला आत ओढते. पडद्याची कड नजरेला बाहेर ढकलते, कारण कडेपलीकडेही जग चालूच आहे असे पाहणारा गृहीत धरतो. साध्या काटकोनी छायाचित्राची कड दुसऱ्या प्रकारची असते. तेथे जग संपत नाही, तेथे ते कापलेले असते. कडेशी अर्धा हात दिसला तर उरलेला माणूस बाहेर आहे हे कळते, आणि तो कोण असावा हा प्रश्न निर्माण होतो. विरत जाणारी किंवा कुंचल्याने ओढलेली कड हा प्रश्नच नाहीसा करते. कडेपलीकडे मग जग उरत नाही, कागद उरतो. छायाचित्र चित्रासारखे स्वयंपूर्ण होते, आणि या स्वयंपूर्णतेची किंमत म्हणून आपले साक्षीदारपण गमावते.

साक्षीदारपणाचा मुद्दा काळ्या किनारीच्या संदर्भात फार ठळकपणे पुढे आला. निगेटिव्हमध्ये चित्राभोवतीची फिल्म पारदर्शक असते. वर्धकयंत्रात निगेटिव्ह धरणारी पट्टी कानसने थोडी घासून मोठी केली, तर ती पारदर्शक पट्टी कागदावर काळ्या रेघेच्या रूपाने उमटते. ही रेघ म्हणजे एक प्रतिज्ञा होती : जेवढे टिपले तेवढे सगळे येथे आहे, नंतर काही छाटलेले नाही. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या नावाशी ही नीती जोडली गेली आहे. गंमत अशी की, त्यांचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र, पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे १९३२ सालचे छायाचित्र, कुंपणाच्या फळ्यांमधून टिपलेले आहे आणि फळीचा भाग आल्यामुळे ते छाटावे लागले होते. रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९८५ च्या 'इन द अमेरिकन वेस्ट' या संग्रहात मोठ्या फिल्मच्या काळ्या कडा तशाच ठेवल्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर उभे असलेले खाणकामगार आणि भटके मजूर त्या काळ्या रेघेने जणू जागीच रोखले गेले आहेत. पर्सच्या परिभाषेत बोलायचे तर ही काळी रेघ निर्देशक चिन्ह होती; धूर जसा आगीमुळे निघतो तशी ती एका कृतीमुळे उमटत होती. संगणकात ती एका कळीसरशी लावता येऊ लागली, तेव्हा तिचे निर्देशकत्व संपले आणि ती निव्वळ प्रतीक झाली. चित्र आधी हवे तेवढे छाटावे आणि मग 'छाटलेले नाही' असे सांगणारी रेघ त्याच्याभोवती ओढावी, हे आता सहज शक्य आहे. खोट्या साक्षीदाराने शपथ घेण्यासारखे हे आहे. फरक इतकाच की, बहुतेकदा ती शपथ घेणाऱ्यालाही आपण शपथ घेत आहोत याची कल्पना नसते.

२०१० साली अमेरिकन छायापत्रकार डेमन विंटर यांनी अफगाणिस्तानातील सैनिकांची काही छायाचित्रे आयफोनवर, 'हिपस्टामॅटिक' या नुकत्याच आलेल्या प्रणालीच्या साहाय्याने टिपली. ही प्रणाली चित्र टिपतानाच त्याला जुन्या फिल्मसारखा रंग आणि काळोखी कडा देत असे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती छायाचित्रे छापली आणि २०११ मध्ये 'पिक्चर्स ऑफ द इयर इंटरनॅशनल' या स्पर्धेत त्या मालिकेला तिसरे पारितोषिक मिळाले. त्यावर मोठा वाद झाला. विंटर यांनी आपल्या निवडीचे समर्थन केले, आणि त्या समर्थनात तथ्य होते. कृष्णधवल फिल्म निवडणाऱ्या जुन्या छायापत्रकारानेही जगाचा रंग काढूनच घेतला होता. तरीही वादाचा गाभा रंगात नव्हता, काळात होता. चालू युद्धातील सैनिकांना गतकाळाची छटा दिली गेली होती. जे अजून घडत होते ते घडून गेल्यासारखे दिसत होते, आणि घडून गेलेल्या गोष्टींविषयी हळहळण्यापलीकडे कोणालाही काही करायचे नसते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. १६०५ सालच्या 'दोन किहोते'च्या पहिल्या भागात, आठव्या प्रकरणाच्या शेवटी, दोन तलवारी उगारलेल्या असताना कथा अचानक तुटते. पुढचे हस्तलिखित मिळत नाही असे निवेदक सांगतो आणि नंतर ते तोलेदोच्या बाजारात त्याला सापडते. ही कादंबरीने स्वतःला दिलेली फाटकी कड आहे. पण सेर्व्हान्तेसला ती फाटकी असल्याचे सोंग दाखवून हसायचे आहे. पुढच्या काळात हे हसू गेले आणि सोंग उरले. मराठी ऐतिहासिक कादंबरीतील बखरीच्या वळणाची भाषा पुष्कळदा अशाच कडेचे काम करते. प्रकरणाच्या आरंभी आणि अखेरीस दोन-चार जुनी क्रियापदे, एखादा फारसी मायना आणि मध्यभागी आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे संवाद, अशी रचना किती तरी ठिकाणी आढळते. मास्कची सीमारेषा विस्कटली आहे, चित्राला हात लागलेला नाही.

याच्या उलट बाजूला दप्तरांचे संपादक उभे आहेत. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून मराठीत कागदपत्रे छापण्याची जी शिस्त रुजत गेली, तिच्यात कागद जेथे फाटला असेल तेथे टिंबे द्यावीत, तर्काने भरलेले अक्षर कंसात घालावे, वाचता न आलेले वाचले असे भासवू नये, हे दंडक आहेत. तेथे फाटक्या कडेचा अर्थ 'येथे काही होते आणि ते आता नाही' असा असतो. त्या टिंबांच्या जागी एखादी रक्कम असते, एखाद्याचे वतन असते, एखाद्या बाईचे नाव असते. संगणकातली फाटकी कड फाटलेपणाचे सौंदर्य देते आणि गमावलेपणाचे दुःख देत नाही. येथे आणखी एक विपर्यास घडतो. जुनी छायाचित्रे संगणकात घेताना त्यांची मूळची कड, स्टुडिओचे नाव छापलेला पुठ्ठा, कोपऱ्यातील टाचणीचे भोक, हे सर्व बहुधा प्रथम छाटले जाते, आणि मग त्या स्वच्छ आयताला तयार संचातून जुनाट कड लावली जाते. अभिलेखागारांत काम करणारे लोक म्हणूनच कागद त्याच्या चारी कडांसह आणि शेजारी मोजपट्टी ठेवून टिपतात. घरांत मोजपट्टी कोण ठेवणार?

घरांतली गोष्ट निराळी, हे खरे. लंबवर्तुळात विरत जाणाऱ्या छायाचित्राला इंग्रजीत जे नाव आहे ते द्राक्षवेलीवरून आलेले आहे. छापील पुस्तकांत चौकटीविना रेखलेल्या वेलबुट्टीसाठी ते वापरीत, तेथून ते छायाचित्रांत आले. एकोणिसाव्या शतकात निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये लंबवर्तुळाकार भोक पाडलेला पुठ्ठा धरून हा परिणाम साधत. महाराष्ट्रात तो दिवंगतांच्या तसबिरींत स्थिरावला, पुण्यस्मरणाच्या जाहिरातींत आला आणि आता चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर नेत्यांच्या व कार्यकर्त्यांच्या मुखड्यांभोवती दिसतो. एकट्या चेहऱ्याला तो शोभतो. समूहाला तो लावला की काय होते, हे एका कुटुंबात घडलेल्या प्रसंगावरून दिसेल.

घरातील कर्त्या पुरुषाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा नातवाने जुन्या छायाचित्रांचा एक अल्बम करवून घ्यायचे ठरवले. छायाचित्र-व्यवसायात ज्याला 'करिझ्मा' म्हणतात तशा जाड, गुळगुळीत पानांचा. त्यात १९४८ सालचे एक समूहछायाचित्र होते. मध्ये खुर्च्यांवर वडीलधारी माणसे, खाली मांडी घालून मुले, मागे उभे राहिलेले तरुण. आणि डाव्या टोकाला, वाड्याच्या खांबाला जवळजवळ टेकून, आलवण नेसलेली एक स्त्री. लाल आलवण कृष्णधवल छायाचित्रात काळे दिसत होते, त्यामुळे ती खांबाच्या सावलीचाच भाग वाटे. ती घरातली बालविधवा आत्या होती. छायाचित्रातली खाली बसलेली सगळी मुले तिने वाढवलेली होती. तिला फोटोत बोलावले होते की ती कामाच्या ओघात तेथे येऊन थांबली होती, हे कोणालाच निश्चित सांगता येत नव्हते. तिचे दुसरे छायाचित्र नव्हते.

स्टुडिओतल्या मुलाने अल्बमच्या सर्व जुन्या चित्रांना एकसारखी विरती कड दिली होती. लंबवर्तुळाला कोपरे नसतात. संगणकाच्या पडद्यावर पाने पाहायला बसलेल्या घरातल्या वृद्ध बाईंनी या पानापाशी थांबायला सांगितले.

"आत्याबाई कुठं गेल्या यातल्या?"

"आजी, त्या एकदम कोपऱ्यात होत्या. ओव्हलमध्ये कोपरा येत नाही."

त्यात त्या मुलाचा काही दोष होता असे म्हणता येणार नाही. त्याने कोणाला पुसले नव्हते; त्याने कोपरे मऊ केले होते. चित्राच्या कडेला कोण उभे आहे हे त्याने पाहिले नव्हते, आणि ७० वर्षांपूर्वी छायाचित्र टिपणाऱ्यानेही बहुधा पाहिले नसावे. फरक इतकाच की, त्या जुन्या कॅमेऱ्याने न पाहताही तिला टिपले होते. काटकोनी कडेचा हाच गुण आहे. ती कोणाची निवड करत नाही, ती फक्त जेथे संपायचे तेथे संपते, आणि तिच्या कोपऱ्यांत नको असलेले पुष्कळ काही अडकून राहते.

मूळ फाइल अजून थरांसह शिल्लक होती. मुलाने शिफ्टची कळ दाबून धरून मास्कवर टिचकी मारली. मास्कवर तांबडी फुली आली आणि खांब, सावली, सावलीतली आत्या अशी सगळी परत आली. मग त्याने आपणहून एक सुचवले. बाईंना नीट कापून आत घेता येईल, खुर्च्यांच्या शेजारी बऱ्यापैकी जागा आहे, उजेडही जुळवून देता येईल, कोणाला ओळखू यायचे नाही.

"नको," त्या म्हणाल्या, "त्या तिथंच उभ्या असायच्या."

एवढे एक पान मग चौकोनी ठेवले. नातवाला ते इतर पानांशी विजोड वाटले, आणि ते तसे होतेही. छपाईला देताना त्याने मुलाला पुन्हा एकदा विचारून पाहिले, की बाकीच्या पानांसारखी निदान बारीक पांढरी किनार तरी देता येईल का. मुलाने माप घेऊन पाहिले. डावीकडून किनार द्यायची तर आत्याच्या खांद्यावर येत होती.